टाचेकडचं वळण दर वेळी का सुटतं?

स्नोबोर्डवर चवड्याकडचं वळण नीट बसतं. बोर्ड कडेच्या पोलादी धारेवर चालतो, घासल्याचा आवाज बंद होतो, बर्फाने पाय धरून ठेवल्यासारखं वाटतं. मग टाचेकडे वळायची वेळ येते आणि पुन्हा तेच. वळण अर्ध्याच्या पुढे गेलं की बोर्ड थरथरतो, खडखड वाजतो, मागचं टोक सुटतं आणि माणूस बर्फावर बसतो. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या वर्षीही तेच. नागपुरातून हिवाळ्यात सुट्टी काढून गुलमर्गला जाणाऱ्या आमच्या ओळखीच्या मंडळींमध्ये स्नोबोर्डबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे.

ही तक्रार वर्षानुवर्षं टिकते, कारण बहुतेक जण जिथं घसरलं तिथंच दुरुस्ती करायला जातात. धार अजून जोरात दाबतात, अजून मागे झुकतात, अजून खाली बसतात. घसरतं मात्र वळणाच्या शेवटी आणि बिघडलेलं असतं ते सुरुवातीला, किंवा त्याच्याही आधी बूट बांधतानाच. आपल्याला वर्षातून जेमतेम आठवडाभर बर्फ मिळतो. त्यात अंदाजाने दहा गोष्टी बदलत बसणं परवडत नाही, म्हणून कारण शोधायचा क्रम सविस्तर लिहितो आहे. दोन्ही बाजूंची साधी, घसरती वळणं जोडत ज्यांना बेताच्या उतारावरून खाली येता येतं, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी मागे वळून रेघ बघा

विळीवर भाजी चिरणं आणि त्याच पात्याने आडवं खरवडणं यात पातं तेच, फरक दिशेचा. पातं स्वतःच्या लांबीच्या दिशेने गेलं तर चिरतं, आडवं ओढलं तर खरवडतं. कार्व्हिंग म्हणजे बोर्डाच्या धारेने बर्फ चिरत जाणं. पुढचं टोक जिथून गेलं त्याच खाचेतून मागचं टोक गेलं पाहिजे. तसं झालं की बर्फावर बोटभर रुंदीची स्वच्छ रेघ उमटते. खरवडलं तर हातभर रुंदीचा पट्टा उमटतो.

ही रेघ खोटं बोलत नाही. अंगाला काय वाटलं ते सांगताना सगळे चुकतात, कारण थरथर सुरू झाली की भीतीशिवाय दुसरं काही लक्षात राहत नाही. म्हणून सकाळी, बर्फ कडक असताना आणि उतारावर गर्दी नसताना, चार-पाच वळणं घ्या. मग कडेला, वरून येणाऱ्यांना दिसेल अशा जागी थांबा आणि आपल्याच खुणा बघा. फोनवर त्यांचा फोटो घेऊन ठेवा, संध्याकाळी कामाला येतो.

टाचेकडच्या वळणाची खूण पहिल्यापासूनच रुंद असेल, तर धार बदलायला उशीर होतोय आणि मागच्या पायाने बोर्ड ढकलला जातोय. हे सगळ्यात जास्त आढळतं आणि खालचा बराचसा मजकूर त्याबद्दलच आहे. सुरुवातीला बारीक रेघ असून शेवटच्या तिसऱ्या भागात ती फिसकटत असेल, तर वेग, दाब किंवा ताठ गुडघे यांपैकी काहीतरी आहे. फणीच्या दातांसारख्या तुटक, समान अंतरावरच्या खुणा म्हणजे धार धरतेय-सुटतेय-धरतेय. तो खडखडाट इथंच होतो. नोजची (पुढच्या टोकाची) आणि टेलची (मागच्या टोकाची) अशा दोन वेगळ्या रेघा दिसल्या तर वजन मागच्या पायावर आहे. आणि रेघ बारीक, सुरेख चालली असताना एका ठिकाणी तिच्या शेजारी बर्फ उकरल्यासारखा खड्डा दिसला आणि तिथंच सगळं सुटलं असेल, तर तुमच्या तंत्राचा त्यात काही दोष नाही. बूट बर्फाला टेकला, एवढंच.

बूट, बाइंडिंग आणि धार

टाच बर्फाला टेकण्याची ही तपासणी नागपुरात घरीच होते. गच्चीवर किंवा हॉलमध्ये गादी घाला, बोर्डाला बूट बांधून ठेवा, टाचेच्या धारेवर बोर्ड हाताने हळूहळू कलता करा आणि बुटाची टाच किंवा बाइंडिंगचा, म्हणजे बूट बोर्डाला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या साच्याचा, मागचा भाग गादीखालच्या लादीच्या पातळीला कधी पोचतो ते बघा. गादीऐवजी सरळ लादीवर जाड पुठ्ठा टाकला तर अंदाज आणखी चांगला येतो. फोनमधलं कोनमापक बोर्डावर ठेवून अंश वाचा. मग चवड्याच्या बाजूने तेच करा. दोन्ही आकड्यांत मोठा फरक असेल आणि टाचेचा कोन कमी येत असेल, तर बूट बोर्डावर मधोमध बसलेला नाही. बाइंडिंगची चकती पुढे-मागे सरकवून बूट मध्यावर आणा. बर्फात धार थोडी आत रुतते, त्यामुळे तिथं बूट याहूनही कमी कोनात टेकतो, हे ध्यानात ठेवा.

मोठ्या पायाच्या लोकांना हा त्रास जास्त. बुटाचा तळ ३१ सेंटीमीटर आणि बोर्डाची कंबर, म्हणजे मधली सगळ्यात अरुंद रुंदी, २५ सेंटीमीटर असेल, तर दोन्ही बाजूंनी मिळून पाच-सहा सेंटीमीटर बूट बाहेर लोंबणारच. बाइंडिंगचे कोन जास्त पुढे वळवले की हे लोंबणं कमी होतं. भाड्याने बोर्ड घेताना सगळे लांबी विचारतात, कंबर किती हे कोणी विचारत नाही. ते विचाराच.

दुसरी गोष्ट हायबॅक, म्हणजे पोटरीच्या मागे उभा असणारा टेकू. टाचेकडे धार कलवायचं बरंचसं काम तोच करतो. तो बुटाला समांतर असून चालत नाही, बोर्डाच्या टाचेकडच्या धारेला समांतर असायला हवा. बहुतेक बाइंडिंगमध्ये तो थोडा फिरवता येतो. शिवाय त्याचा पुढचा झुकाव एखाद्या खाचेने वाढवून बघा. गुडघे आपोआप वाकतात आणि टाचेची धार लवकर लागते. फार वाढवला तर दुपारपर्यंत मांड्या भरून येतात, म्हणून एका वेळी एकच खाच.

बुटात टाच उचलली जाते का, हेही बघा. आपल्याकडून जाणारे लोक थंडीच्या धास्तीने दोन-दोन लोकरी मोजे घालतात आणि मग बूट एक नंबर मोठा घेतात. पाय आत हलतो, तुम्ही केलेली हालचाल बोर्डापर्यंत उशिरा पोचते आणि तोवर वळण अर्धं झालेलं असतं. एकच बेताचा मोजा आणि घट्ट बांधलेला बूट हे जास्त ऊबदारही असतं, कारण पायाला सारखं बोटांनी बूट धरून ठेवावं लागत नाही.

आता धार. अंगठ्याचं नख धारेवर आडवं, हलक्या हाताने ओढा. धार जिवंत असेल तर नखाचा पातळ पापुद्रा निघतो, नसेल तर नख नुसतं सरकतं. दोन्ही पायांच्या मधल्या भागात तीन-चार ठिकाणी बघा आणि चवड्याच्या धारेशी ताडून बघा. नवशिके टाचेच्या धारेवर आडवे घसरत उतरतात, त्यामुळे भाड्याच्या बोर्डाची तीच धार बहुधा आधी बोथट झालेली असते. दगड लागून पडलेल्या खाचाही तिथंच सापडतील. दुकानदाराला धार लावून द्यायला सांगा किंवा दुसरा बोर्ड मागा, यात संकोच कसला?

ज्यांचा स्वतःचा बोर्ड आहे त्यांच्यासाठी नागपूरची एक खास अडचण आहे. बर्फावरून आणलेला बोर्ड मार्चमध्ये बॅगेत जातो, एप्रिल-मेमध्ये ती बॅग कूलरच्या खोलीत पडून राहते, आणि त्यापाठोपाठ पावसाळा येतो. कूलरची दमट हवा पोलादी धारेला पुरेशी आहे, डिसेंबरात बॅग उघडली की तांबूस गंज दिसतो. बोर्ड ठेवण्याआधी धार कोरडी पुसा, खालच्या तळावर आणि धारेवर मेणाचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका, थेट पुढच्या हंगामात खरवडा. कूलरची खोली नको, पत्र्याखालचा तापणारा माळाही नको. आतल्या खोलीतलं कपाट उत्तम. गंज वरवरचा असेल तर धार लावायच्या बारीक दगडाने निघतो. खोल गेला असेल तर कानस लागते, पण ती कोन धरणारी पट्टी लावूनच चालवा, कारण ८८ किंवा ८९ अंशांची धार नुसत्या हाताच्या अंदाजाने सारखी लागत नाही. कानस इतवारीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. कोनाची पट्टी मात्र मागवावी लागते.

बाइंडिंगच्या कोनांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही पाय बाहेरच्या दिशेला, पुढचा अधिक १५ आणि मागचा उणे १५, अशी रचना शिकायला सोयीची आहे, आणि त्यावर उत्तम कार्व्ह करणारेही आहेत. पण टाचेकडचं वळण हीच ज्यांची अडचण आहे, त्यांनी पुढचा पाय २१ आणि मागचा शून्याच्या आसपास आणून अर्धा दिवस बघावा. आपली कंबर प्रवासाच्या दिशेला वळायला मोकळी होते आणि आपण कुठं चाललोय ते दिसतं. चकतीवर साधारण ३-३ अंशांच्या खुणा असतात, एका वेळी एक-दोन खुणाच सरकवा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला ओढ जाणवली तर लगेच मागे या.

टाचेचीच बाजू अवघड का

इथं शरीराची रचनाच आड येते. घोट्यातून पाऊल खाली झुकवायला साधारण ५० अंश मिळतात, वर ओढायला जेमतेम २०. चवड्याच्या बाजूला घोटा, पोटरी आणि पायाची बोटं अशी तीन ठिकाणं धार बारीक कमी-जास्त करत असतात आणि धक्केही तीच खातात. टाचेच्या बाजूला घोट्याच्या मागे पावलाची लांबीच थोडी, आणि उरलेलं काम ताठ प्लॅस्टिकच्या हायबॅकवर. म्हणजे धक्के खायला राहिले फक्त गुडघे आणि खुबा. तेही ताठ ठेवले तर बर्फाचा प्रत्येक उंचवटा थेट धारेला उचलतो. थरथर येते ती इथून.

त्यात पाठ वळणाच्या आतल्या बाजूला. जिकडे जायचं ते दिसत नाही, म्हणून माणूस छाती चवड्याकडे ठेवतो, कमरेतून पुढे वाकतो, पार्श्वभाग मागे काढतो आणि पाय लांब करतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती छान खाली बसलाय. प्रत्यक्षात गुडघे सरळ आहेत आणि वजन धारेच्या पलीकडे लोंबतंय.

बरोबर ठेवण अशी: छाती उभी, गुडघे आणि घोटे वाकलेले, खुबा धारेच्या जवळ, फार लांब नाही. बुटाच्या आत पायाची बोटं नडगीकडे ओढलेली. पुढचा खांदा उघडा, नजर पुढच्या हाताच्याही पलीकडे, वळण जिथं संपणार तिथं. आणि मागचा हात बोर्डाच्या वर, चवड्याच्या बाजूला, पाठीमागे लोंबकळता नाही. एवढ्या सगळ्या सूचना उतारावर डोक्यात राहत नाहीत, त्यामुळे मी दोनच सांगतो: बोटं वर ओढा आणि पुढच्या हाताच्या पलीकडे बघा. बाकीचं बरंचसं या दोहोंच्या मागोमाग येतं.

मुळात बिघडतं कुठं

कोंगडोरीला, गुलमर्गच्या गोंडोल्याच्या (रोपवेच्या) पहिल्या टप्प्यावर, आमच्यातल्या एक धरमपेठेच्या ताई हैराण होऊन थांबल्या होत्या. "अरे, टाचेवर आली की बोर्ड मागून सुटून राहिला न! किती दाबू अजून?" मी म्हटलं, "ताई, दाबू नका. आधी मागं बघा." वर त्यांची चवड्याची रेघ बारीक होती. ती संपली तिथून पुढे मात्र दोन-तीन मीटर काहीच नव्हतं, म्हणजे बोर्ड सपाट पडून सरळ खाली निघाला होता. मग एकदम रुंद पट्टा, आणि त्याच्या टोकाला फणीच्या खुणा. त्यांना वाटत होतं की बिघाड त्या फणीच्या खुणांपाशी आहे. खरा बिघाड वरच्या मोकळ्या जागेत होता.

त्या मोकळ्या जागेत काय घडतं ते नीट समजून घ्या. चवड्याकडचं वळण संपतं तेव्हा बोर्ड उताराला आडवा चाललेला असतो. तुम्ही वरच्या, म्हणजे डोंगराकडच्या धारेवर आहात. तिथून टाचेच्या वळणात जायचं तर खालची, दरीकडची धार लावावी लागते, आणि त्यासाठी शरीर बोर्डावरून ओलांडून उताराच्या बाजूला जावं लागतं, तेही पाठ खाली करून. शिकायला सुरुवात केल्यापासून आपल्याला एकच गोष्ट सांगितलेली असते: खालची धार लागू देऊ नका, आपटाल. आणि ते खरंही असतं, कारण आडवं घसरत असताना खालची धार अडकली तर माणूस खरोखर आपटतो. त्यामुळे शरीर थांबतं. बोर्ड आधी खाली वळेपर्यंत वाट बघतं, मग मागच्या पायाने बोर्डाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, ढकलून बोर्ड आडवा करतं, आणि मग एकदम धार मारतं.

धार अशी उशिरा लागली की सगळं काम वळणाच्या शेवटच्या भागात गोळा होतं. शेवटच्या भागात वळणाची ओढ आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही तुम्हाला दरीच्याच दिशेला खेचत असतात. वरच्या भागात हेच दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध असतात, म्हणून तिथं धार अलगद, कमी दाबात लागते. सोपा भाग सोडून दिला आणि सगळं अवघड भागावर ढकललं, तर कितीही चांगली धार सुटेल.

उपाय एवढाच की आडवं जात असतानाच खालची धार लावायची. अट अशी की बोर्ड घसरत नसावा, पुढे चालत असावा. वरच्या धारेवर स्वच्छ रेघ काढत चाललेला बोर्ड खालच्या धारेवर टाकला तर तो आपटवत नाही, कारण आडवी घसरण नसते. हा फरक मनाला पटायला वेळ लागतो. ज्या क्षणी धार बदलायची, त्याच्या आधी मान वळवा, पुढचा गुडघा वळणाच्या दिशेला उघडा, आणि पुढच्या पायाची टाच आधी दाबा. मागचा पाय मागाहून येऊ द्या. मग काही करू नका. बोर्डाला वळू द्या. हे 'काही न करणं' सगळ्यात कठीण असतं.

ताईंना फार हलक्या उतारावर नेलं आणि फक्त मोजायला सांगितलं: धार लावा, एक, दोन, तीन, तोपर्यंत पाय ढकलायचा नाही. पहिल्या खेपांना 'दोन'च्या आतच शेपूट फिरायचं. मग एकदा बोर्ड स्वतःहून वळला, वळत वळत डोंगराच्या दिशेने थोडा वर चढला आणि थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं आणि नुसतं "बाप्पा!" म्हणाल्या. वरपासून खालपर्यंत एक अखंड रेघ होती, मधली मोकळी जागा गायब होती.

सराव कोणत्या क्रमाने

सपाटीला लागून असलेल्या हलक्या उतारावर टाचेच्या धारेवर नुसतं आडवं चला. वळायचं नाही. मागे बारीक रेघ आहे ना, तेवढंच बघा. मग थोडं खालच्या दिशेने सुरू करून धारेवर बसा आणि बोर्ड स्वतः वर चढून थांबेपर्यंत वाट बघा. त्यानंतर सरळ खाली नाक करून सुरू करा, टाचेची धार लावा आणि तशाच रीतीने थांबा. इथपर्यंत रेघ स्वच्छ आली नाही तर वळणं जोडायला जाऊ नका. जोडलेल्या वळणात चुका झाकल्या जातात.

शेवटी चवड्याच्या आडव्या चालीतून टाचेत जाण्याचं ते एकच वळण, पुन्हा पुन्हा. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घालूनच, आणि धार बदलण्याआधी प्रत्येक वेळी मागे, वरच्या दिशेला नजर टाकून. कार्व्हिंगचं वळण उताराची बरीच रुंदी घेतं आणि वरून येणाऱ्याला तुम्ही अचानक आडवे येता.

रेघ सुरुवातीला चांगली, तरी शेवटी सुटते?

मग वेग बघा. यात थोडं गणित आहे आणि ते मला फार उपयोगी वाटतं. बोर्डाच्या कडेला जो आत घेतलेला गोलवा असतो, त्याला साइडकट म्हणतात. सर्वसाधारण बोर्डात त्याची त्रिज्या ७ ते ९ मीटरच्या आसपास असते. ८ मीटर धरू. बोर्ड कलला की तो वाकून बर्फाला पूर्ण टेकतो आणि वळणाची त्रिज्या लहान होते: ३० अंशांना सुमारे ६.९ मीटर, ४५ अंशांना ५.७, ६० अंशांना ४. आता तेवढ्या त्रिज्येवर, शरीर बोर्डाच्या कोनाशी एका रेषेत धरून, कोणत्या वेगाला तोल साधतो? सपाट जागा धरली तर ४५ अंशांना ताशी साधारण २७ किलोमीटर, ६० अंशांना ३०. कितीही कललात तरी ८ मीटरच्या बोर्डासाठी हा आकडा ३२च्या पुढे जात नाही.

म्हणजे लहान साइडकटचा भाड्याचा बोर्ड घेऊन तुम्ही त्याहून बऱ्याच वेगाने जात असाल, तर शुद्ध रेघ निघणं त्या बोर्डाला जमतच नाही. उताराचा आणि बर्फाच्या मऊपणाचा परिणाम वेगळा, पण अंदाज बांधायला हा हिशोब पुरेसा आहे. स्पर्धक लांब, मोठ्या त्रिज्येचे बोर्ड का वापरतात तेही यातून कळतं, कारण त्रिज्या २० मीटर घेतली की हीच मर्यादा ५० किलोमीटरपर्यंत जाते. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये चेकियाच्या एस्तेर लेदेत्स्काने स्कीइंगच्या सुपर-जी शर्यतीबरोबर स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लॅलम शर्यतीतही सुवर्ण जिंकलं. तिच्या स्नोबोर्डच्या शर्यतीचा व्हिडिओ मिळाला तर संथ गतीने बघा. बूट आणि बोर्ड आपल्यापेक्षा वेगळे असतात, पण धार कधी बदलते तेवढं बघा. बोर्ड अजून आडवा असतानाच ती पुढच्या धारेवर गेलेली दिसते.

वेग कमी करायचा तो ब्रेक मारून नाही, वळण पूर्ण करून. बोर्ड थोडा वर चढेपर्यंत धार सोडू नका, की पुढच्या वळणाला आपोआप बेताचा वेग मिळतो.

वेग ठीक असून तुटक खुणा येत असतील तर गुडघे. वळणाच्या उत्तरार्धात दाब वाढत जातो तसे ते आणखी वाकू द्यायला हवेत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, गुलमर्ग २,६५०वर आणि कोंगडोरी तीन हजाराच्या वर. पहिले एक-दोन दिवस दम लागतो, मांड्या लवकर थकतात आणि थकलेला पाय आपोआप सरळ होतो. दुपारनंतरच थरथर वाढत असेल तर तंत्र शोधत बसू नका, चहा प्या.

बर्फाचीही वेळ असते. गुलमर्गची ख्याती ताज्या, खोल भुसभुशीत बर्फासाठी आहे आणि त्यात ही धारेची रेघ शोधण्यात अर्थ नाही, तिथलं तंत्र निराळं. मशीनने दाबलेले पट्टे थोडे आहेत. सकाळी त्यांवर आधी पोचा. फेब्रुवारी संपता संपता उन्हाने दुपारी बर्फ पाणचट होतो, रात्री गोठतो आणि सकाळी पहिल्या तासात काचेसारखा कडक असतो. अशा वेळी थोडं ऊन लागू द्या. गुलमर्गच्या वरच्या अफरवाट शिखराच्या उतारांवर हा सराव करायला जाऊच नका. तिथं हिमस्खलनाचा धोका खरा आहे.

नागपुरात उरलेले महिने

गच्चीवर बोर्डाला पाय बांधून, भिंतीकडे पाठ करून, टाचेच्या धारेची ठेवण घ्या आणि कोणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. छाती उभी आहे का, गुडघे वाकलेत का, हे त्यात दिसतं. बोर्ड गादीवर ठेवा, लादीवर धार खराब होते. नुसतं भिंतीला टेकून बसण्याचा व्यायामही चांगला, पण त्यात बोटं वर ओढायची सवय लावा.

सर्फस्केट किंवा लाँगबोर्ड (चाकांच्या फळ्या) घेऊन पहाटे फुटाळ्याकडे किंवा सेमिनरी हिल्सच्या शांत रस्त्यावर, वर्दळ सुरू व्हायच्या आत जाणारी मुलं वाढली आहेत, ते बघून बरं वाटतं. नजर, खुबा आणि दोन बाजूंतला ताल त्यातून येतो. पण सर्फस्केटचा पुढचा ट्रक, म्हणजे चाकांचा आस, इतका मोकळा फिरतो की खांदे झटकूनही वळण निघतं, आणि ती सवय बर्फावर महागात पडते. तिथं खांदा झटकला की शेपूट सुटतंच. म्हणून चाकांवर मोठी, संथ वळणं घ्या, हात फारसे न हलवता. मे महिन्यात ऊन चढायच्या आत घरी परत या, नंतर डांबर तापतं.

एवढं करून टाचेची बाजू बसली, की एखाद-दोन दिवसांत बरेच जण सांगतात की आता चवड्याची बाजू सैल वाटते. बहुतेक वेळा हायबॅकचा झुकाव किंवा मागच्या पायाचा कोन गरजेपेक्षा जास्त बदललेला असतो. एक खाच मागे घ्या, मागच्या पायाचे ३ अंश परत द्या आणि पुन्हा चार वळणं घेऊन दोन्ही बाजूंच्या रेघा शेजारी शेजारी ठेवून बघा.